टॅबमधली चिन्हं कळेनात म्हणून धून चुकायली? पी, बी, व्ही, कंस आणि बाकीची चिन्हं कशी लावायची

मागच्या तीन-चार महिन्यात हा प्रश्न माझ्यापुढं इतक्या वेळा आलाय की आता एकदा बसून सगळं लिहूनच काढतो. बेळगावात शहापूरला घरीच संध्याकाळी सात-आठ पोरं गिटार शिकायला येतात, कुणी वडगावचं, कुणी अनगोळचं, एक मुलगा खानापूरहून शनिवारी बसनं येतोय. गल्लीतल्या गणपतीत वाजवायला म्हणून एक धून बसवायला घेतली होती, टॅब (सहा तारांच्या सहा ओळी आणि त्यांवर कुठं दाबायचं त्याचे आकडे, अशी गिटारची लिपी) सगळ्यांना एकच दिला आणि आठवड्यानं तिघं तीन तऱ्हेनं वाजवत आली. आकडे तिघांचेही बरोबर, तारा बरोबर, फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधली दाबायची घरं) बरोबर, खरं धून तीन. चुकलं होतं ते आकड्यांच्या मधलं. एकानं मधली चिन्हं वाचलीच नव्हती, एकीनं नेटवरची यादी समोर ठेवून अर्थ लावले होते, आणि खानापूरच्या मुलानं 'पी' म्हणजे पिक (तार छेडायची छोटी चकती), म्हणजे इथं पिकनं मारायचं, असं आपल्या मनानं धरलं होतं आणि आठवडाभर रोज तासभर तेच घोटलं होतं. त्याची मेहनत बघून मला वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती, मी टॅब देताना दोन मिनिटं बोललो असतो तर झालं असतं.

(टॅबमध्ये ही अक्षरं इंग्रजी लिपीत असतात, मी इथं उच्चारानं लिहितोय. म्हणजे 'एच', 'पी', 'बी' असं वाचलं की तिथं ते छोटं इंग्रजी अक्षर आहे असं समजा.)

तेव्हापासून नवा टॅब हातात दिला की मी आधी एकच सांगतो, चिन्ह ओळखायच्या आधी ते कुठं बसलंय ते बघा. एकच अक्षर ओळीच्या आत असलं तर अर्थ वेगळा, सहा ओळींच्या वर असलं तर वेगळा, अगदी डाव्या टोकाला असलं तर आणखी वेगळा. आपल्या भागात हे कुणाला नवीन वाटू नये. कन्नड फलकावरचा एकचा आकडा जरा उघड्या शून्यासारखा दिसतोय, लहानपणी मी तो शून्यच वाचायचो, मग घरच्यांनी सांगितलं की आधी फलक कुठल्या लिपीत आहे ते बघ आणि मग आकडा वाच.

गाण्याच्या वह्यांत तर हे मी स्वतः भोगलंय. आमच्या आत्याची जुनी वही होती, त्यातल्या बंदिशी मी पेटीवर काढायला बसायचो, आणि एका जागी सूर एकदम वर उडी मारायचे, कानाला पटायचंच नाही. मी शिकलो होतो सूर लिहायची भातखंडे पद्धत, त्यात स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, वरचं, आणि पायाशी टिंब म्हणजे मंद्र, खालचं. आत्याची वही होती पलुसकर पद्धतीची, त्यात डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. आणि तीच उभी रेघ भातखंड्यांकडं मध्यमावर आली की मध्यम तीव्र होतोय. म्हणजे टिंब तेच, रेघ तीच, आणि अर्थ उलटेपालटे. विष्णु नारायण भातखंडे १८६० चे, विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ चे, पलुसकर तर इथल्याच जवळचे, चिकोडीच्या पलीकडं कुरुंदवाडला जन्मलेले. एकाच काळातल्या दोन एवढ्या मोठ्या माणसांची चिन्हं जुळत नाहीत, तर जगभरच्या पोरांनी घरी बसून टाईप केलेल्या टॅबची चिन्हं कशी जुळणार. म्हणून टॅबच्या वर किंवा खाली चिन्हांची सूची दिलेली असली तर ती यादी आधी, बाकी सगळं नंतर, मी इथं सांगतोय ते सुद्धा नंतर.

आता चिन्हांकडं जायच्या आधी एक काम करा, टॅब वाटेत फुटलेला नाही ना ते तपासा. माझ्याकडं आलेल्या 'हे कुठलं चिन्ह?' मधले बरेचसे प्रश्न चिन्हाचे नव्हतेच, ते फोनचे होते. टाईप केलेला टॅब सरळ रेषेत दिसतो तो फक्त समान रुंदीच्या अक्षरांच्या फॉन्टमध्ये. व्हॉट्सॲपवर तसाच चिकटवला की 'आय' अरुंद, 'एम' रुंद, डॅशची रुंदी आकड्यापेक्षा वेगळी, सगळी ओळ सरकते आणि जे दोन सूर एकावेळी वाजवायचे ते एकामागून एक आहेत असं वाटतंय. त्यात व्हॉट्सॲपला लहरी रेघेची, म्हणजे ते नागमोडी चिन्ह असतंय ना त्याची, स्वतःची समजूत आहे, मजकुराच्या दोन्ही बाजूला ती आली की मधला मजकूर खोडलेला दाखवायचा आणि लहरी गायब करायच्या. टॅबमध्ये तीच लहर म्हणजे व्हायब्रेटो, सूर धरून हलवणं. माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, हे आकडे कुणीतरी खोडलेत, मग ते सोडून द्यायचे का?" आणि ती ते चार सूर सोडूनच वाजवत होती. उपाय सोपा आहे, टॅबच्या आधी तीनदा आणि नंतर तीनदा बॅकटिक, म्हणजे उलटं तिरकं एकेरी अवतरण, ते टाका, मग व्हॉट्सॲप सगळं समान रुंदीत दाखवतं आणि लहरींना हात लावत नाही. बॅकटिक बहुतेक कीबोर्डवर चिन्हांच्या दुसऱ्या पानावर असतंय. ते जमेना तर सरळ स्क्रीनशॉट पाठवा.

दुसरा फुटायचा प्रकार डीटीपीच्या दुकानातला, आणि तो आपल्याकडं फार होतोय. खडेबाजारात एकदा मी टॅबची फाईल प्रिंटला दिली, तिथल्या कॉम्प्युटरवर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी, आणि त्यांनी चांगल्या मनानं सगळा मजकूर मराठी फॉन्टमध्ये टाकून दिला. त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे किंवा कन्नडचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळं 'एच' च्या जागी भलताच काना-मात्रा आणि 'बी' च्या जागी अर्धं अक्षर. कागद बघून वाटलं कुठली तरी गुप्त भाषा आहे. सगळा मजकूर सिलेक्ट करायचा, फॉन्ट कुरियर न्यू करायचा, साईज नऊ किंवा दहा, झालं. आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन डॅश मिळून आपोआप एक लांब डॅश होतोय तेवढं बंद करायला सांगा, नाहीतर ओळी लांडी-तुकडी होतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या कागदावर तर आकड्याखालचं टिंब कुठलं आणि शाईचा ठिपका कुठला हे कुणालाच सांगता येत नाही, शक्य असेल तर मूळ प्रत बघा.

ओळी वरून खाली कशा वाचायच्या हे बहुतेकांना माहीत असतंय, तरी सांगून ठेवतो. सगळ्यात वरची ओळ म्हणजे पहिली, सगळ्यात बारीक तार, आणि खालची ओळ म्हणजे सहावी, जाड. गिटार मांडीवर घेतल्यावर जाड तार तोंडाकडं वर असते म्हणून नवीन पोरं उलटं वाचतात आणि मग चिन्हंही चुकीच्या तारेवर जातात. त्यांना हसू नका, सोळाव्या शतकातल्या इटलीच्या ल्यूटच्या (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) टॅबमध्ये खरोखरच जाड तार वरच्या ओळीवर लिहायचे. डाव्या टोकाला जी सहा अक्षरं असतात, ई, बी, जी, डी, ए, ई, ती तारांची नावं. तिथला 'बी' म्हणजे दुसरी तार, त्याचा बेंडशी (तार आडवी ढकलून सूर चढवणं, ते पुढं येतंय) काही संबंध नाही. ही अक्षरं वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण तिथं खाली 'ई' ऐवजी 'डी' असेल तर सहावी तार उतरवलेली आहे, आणि सगळ्या अक्षरांपुढं आणखी एक छोटा 'बी' लावलेला असेल तर तो कोमलचा, म्हणजे सगळ्या तारा अर्ध्या सुरानं उतरवल्यात. बघा, एवढ्यातच 'बी' चे तीन अर्थ झाले.

आता त्या पोराचा 'पी' घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान हाच करतोय.

'५ एच ७' असं लिहिलेलं असलं तर पाचव्या फ्रेटवर तार छेडायची आणि दुसरं बोट सातव्यावर जोरात आपटायचं, पिक परत लावायचं नाही. हा हॅमर-ऑन. '७ पी ५' म्हणजे पुल-ऑफ, सातव्यावर छेडायचं, पाचव्यावर दुसरं बोट आधीपासून ठेवलेलं पाहिजे, आणि सातव्यावरचं बोट काढताना तारेला जमिनीच्या दिशेनं जरा ओढून सोडायचं, म्हणजे त्या ओढण्यानंच पाचव्याचा सूर वाजतो. नुसतं बोट वर उचललं की आवाज मरतो आणि मग पोरांना वाटतं इथं पिक मारायला पाहिजे होतं. ज्यांनी थोडं गाणं ऐकलंय त्यांना मी सांगतो की '५ एच ७ पी ५' पटकन घेतलं की कानाला जवळजवळ खटक्यासारखं लागतंय, एका आघातात तीन सूर. खानापूरचा मुलगा भजनात पेटीवर बसतो, त्याला हे सांगितल्या सांगितल्या हात बदलला.

ओळखायची खूण आकड्यातच आहे. 'एच' नंतरचा आकडा मोठा, 'पी' नंतरचा आकडा लहान. लहान नसला तर तो 'पी' पुल-ऑफचा नाही, आणि मग बाकीचे 'पी' आठवा. बोटांनी वाजवायच्या टॅबमध्ये ओळींच्या खाली किंवा वर 'पी, आय, एम, ए' अशी अक्षरं येतात, ती स्पॅनिश भाषेतली, पुल्गार म्हणजे अंगठा, इंदिसे तर्जनी, मेदियो मधलं बोट, अनुलार अनामिका, म्हणजे तिथला 'पी' उजव्या हाताचा अंगठा. चार ओळींचा टॅब असला तर तो बहुधा बेस गिटारचा, तिथं 'पी' म्हणजे बऱ्याचदा पॉप, तार बोटानं उचलून फटकन सोडायची, आणि त्याच्याच जोडीला 'एस' म्हणजे स्लॅप. सहा ओळींच्या टॅबमध्ये मात्र 'एस' म्हणजे बऱ्याचदा स्लाईड. आणि 'पी.एम.' असं दोन अक्षरात, ओळींच्या वर, पुढं तुटक रेघ, ते पाम म्यूट, पिकच्या हाताचा तळवा ब्रिजजवळ (तारा गिटारच्या पोटावर जिथं अडकवलेल्या असतात तिथं) तारांवर हलका टेकवून वाजवायचं, तुटक रेघ जिथवर आहे तिथवर. तळवा ब्रिजपासून फार पुढं आला की सूरच बंद होतोय, एवढं लक्षात ठेवा.

छापील टॅबमध्ये 'एच' 'पी' ऐवजी दोन आकड्यांवर नुसती कमान असते आणि तिथंही फसगत आहे. कमानीच्या दोन्ही टोकांना वेगळे आकडे असले तर हॅमर किंवा पुल, आकडा चढला की हॅमर, उतरला की पुल. दोन्ही टोकांना एकच आकडा असला तर तो सूर नुसता लांबवायचा, दुसऱ्यांदा छेडायचाच नाही. तिरकी रेघ असली तर स्लाईड, बोट तारेवरून न उचलता सरकवत न्यायचं, वर जाणारी रेघ चढीची, खाली येणारी उतरीची. तिरक्या रेघेवर कमान पण असली तर दुसरा सूर परत छेडायचा नाही, सरकून गेल्यावर आपोआप जो वाजेल तोच. कमान नसली तर सरकत जाऊन पोचल्यावर दुसरा सूर छेडायचा. हा फरक फार जणांना माहीत नसतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र लगेच कळतो, एक लाडिक वाटतं आणि एक ठाम. टाईप केलेल्या टॅबमध्ये कमान नसते, तिथं कानानंच ठरवावं लागतंय.

बेंडवर जरा जास्त थांबतो, कारण इथं चिन्ह कळलं तरी हात चुकतो. '७ बी ९' म्हणजे सातव्या फ्रेटवर बोट ठेवून तार आडवी ढकलायची, इतकी की नवव्या फ्रेटचा सूर ऐकू आला पाहिजे. नवव्या फ्रेटवर जायचं नाही. नेटवरची यादी बघून आलेल्या त्या मुलीनं हेच केलं होतं, सात वाजवून नऊला उडी. छापील टॅबमध्ये वर वळलेला बाण असतो आणि टोकाशी 'फुल' लिहिलेलं असतं, म्हणजे पूर्ण सूर, दोन फ्रेटचं अंतर, किंवा अर्धा म्हणजे एक फ्रेट, किंवा पाव. पाव म्हणजे फ्रेटच्याही मधलं, नुसतं जरा चिडवल्यासारखं. बाण वळलेला नसून सरळ उभा वर गेलेला असला तर तार आधीच ढकलून ठेवायची आणि मग छेडायची. 'आर' म्हणजे रिलीज, ढकललेली तार परत जागेवर आणायची, '७ बी ९ आर ७' मध्ये छेडायचं एकदाच.

हे सुरात यायला मी असं करून घेतो, आधी नववा फ्रेट साधा वाजवा, तो सूर तोंडानं म्हणा, मग सातव्यावरून ढकलत त्या सुरापर्यंत जा आणि पोचलात की थांबा. ही मींडच आहे हो. सतारीवर पडद्यावर तार आडवी ओढून मींड काढतात तीच गोष्ट. आपल्या बाजूला मिरजेला सतारी घडतात, सुळेभावीसारख्या गावात कुमार गंधर्व जन्मले, धारवाड-हुबळीची गाणी घराघरात ऐकली जातात, आपल्या कानाला मींड परकी नाहीच. बेंड चुकला तर तुमचा कान तुम्हाला सांगेल, त्याचं ऐका.

एक अडचण मात्र खरीच आहे. टॅब बहुधा इलेक्ट्रिक गिटारचा असतो आणि आपल्या पोरांच्या हातात असते ॲकूस्टिक, तिची तिसरी तार सहसा गुंडाळलेली, जाड, ती पूर्ण सुरानं ढकलायला गेलं की बोटाची सालं निघतात आणि सूर अर्ध्यातच राहतो. तेव्हा तीन बोटं एकामागं एक त्याच तारेवर ठेवून ढकला, जमतंय का बघा, नाही जमलं तर त्या जागी सरळ स्लाईड घ्या. कुणी नावं ठेवणार नाही. अर्धवट चढलेल्या बेसूर बेंडपेक्षा सुरात बसलेली स्लाईड शंभर पटीनं चांगली.

'व्ही' चं भांडण वेगळं. आकड्यानंतर ओळीच्या आत 'व्ही' किंवा लहर असली तर व्हायब्रेटो, सूर धरून बोट हलवत राहायचं, आंदोलन दिल्यासारखं. ओळींच्या वर किंवा खाली 'व्ही' असला आणि त्याच्या आसपास खाली उघडा असलेला चौकोनी कंस, दाराच्या चौकटीसारखा, असं काही असेल तर ते पिकच्या दिशेचं. चौकट म्हणजे वरून खाली मारायचं, 'व्ही' म्हणजे खालून वर. ही चिन्हं व्हायोलिनच्या गजाची, तिथून आलेली. गंमत अशी की 'व्ही' चं टोक खाली आहे म्हणून सगळे खाली मारतात. नेमकं उलटं आहे, हे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

'एक्स' पण असाच जागा बघून बोलतो. ओळीवर आकड्याच्या जागी असला तर मेलेला सूर, डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवून ठेवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्या हातानं मारायचं, खट् असा आवाज आला पाहिजे. बऱ्याच पोरांना वाटतं 'एक्स' म्हणजे वाजवू नका, कारण कॉर्डच्या (एकदम वाजवायच्या सुरांच्या जुळणीच्या) चौकटीत वर 'एक्स' असला तर अर्थ तोच असतो, ती तार सोडून द्या. टॅबच्या ओळीत मात्र 'एक्स' सोडला की ताल लंगडा होतोय. आणि ओळ संपल्यावर 'एक्स ४' असेल तर तेवढा भाग चारदा.

टोकदार कंसातला बारा, म्हणजे आकड्याच्या दोन्ही बाजूला बाणासारखी खूण, हा हार्मोनिक. तार दाबायची नाही, बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर बोट नुसतं स्पर्श करून ठेवायचं, छेडायचं आणि बोट काढायचं, घंटेसारखा सूर येतोय. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, जिथं एरवी दाबतो तिथं ठेवलं की येत नाही, आणि नव्वद टक्के तक्रार हीच असते की हार्मोनिक वाजेना. बारावा फ्रेट म्हणजे तारेचा बरोबर अर्धा, सातवा म्हणजे तिसरा हिस्सा, पाचवा म्हणजे पाव, तारेचे असे समान भाग पडतात तिथंच हे सूर उमटतात, म्हणून सुरुवातीला १२, ७ आणि ५ एवढ्यावरच सराव करा. जागा बरोबर असून पण आवाज मरका येत असेल तर तारा बघा. आपल्या बेळगावच्या पावसात जून ते सप्टेंबर तारा गंजायला वेळ लागत नाही, दमट हवेनं लाकूड पण फुगतं. बाराव्याचा हार्मोनिक आणि बाराव्यावर दाबून वाजवलेला सूर दोन्ही एकच यायला पाहिजेत, फरक लागला तर आधी तारा बदला, तरी फरक राहिला तर गिटार दाखवून आणा. टॅबवर राग काढू नका.

'टी' असेल तर टॅपिंग, उजव्या हाताच्या बोटानं फ्रेटवरच आपटायचं. 'टी.आर.' म्हणजे ट्रिल, दोन सुरांत हॅमर आणि पुल भराभरा. आकड्याजवळ तीन छोट्या तिरक्या रेघा म्हणजे तोच सूर पिकनं वर-खाली जलद. 'लेट रिंग' लिहिलेलं असलं तर बोटं उचलू नका, सूर एकमेकांत मिसळू द्या. ही चार फारशी फसवत नाहीत. कॅपोचं, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चापाचं, एक मात्र सांगतो, कॅपो लावायला सांगितला असेल तर सगळे आकडे बहुधा कॅपोपासून मोजायचे, शून्य म्हणजे कॅपोची जागा.

एवढं करून पण एखादं चिन्ह अडलंच तर मी पोरांना पाठ देतो तो क्रम असा: आधी टॅबचीच सूची, मग चिन्हाची जागा, मग दोन्ही बाजूचे आकडे, आणि शेवटी कान. मूळ गाणं यूट्यूबवर लावून स्पीड अर्धा करा, ०.५, पट्टी बदलत नाही नुसता वेग उतरतो, आणि तेवढे दोन सेकंद दहादा ऐका. दुसरा सूर वाजताना पिकचा टक् ऐकू येतोय का? येत असला तर तो परत छेडलाय, नसला तर हॅमर, पुल किंवा कमानीची स्लाईड. सूर पायऱ्यांनी चढला की सलग चढला? पायऱ्या ऐकू आल्या तर स्लाईड, सलग तर बेंड. एवढ्या दोन प्रश्नांत बहुतेक चिन्हं सुटतात, टॅब लिहिणाऱ्यानं काहीही अक्षर वापरलेलं असू दे.

आमच्या त्या धुनेत शेवटी एकच गोष्ट राहिली होती, नव्या ओळीच्या सुरुवातीला साध्या गोल कंसातला पाच. गोल कंस सगळ्यात बेभरवशाचा, कुणी तो अगदी हळू वाजवायच्या सुरासाठी घालतं, कुणी वाजवला तरी चालेल नाही तरी चालेल म्हणून, कुणी बेंड जिथं पोचायचा तो सूर दाखवायला, आणि कुणी मागच्या ओळीतून लांबत आलेल्या सुरासाठी. सूचीत काही नव्हतं. आकडे बघितले तर मागच्या ओळीचा शेवटचा सूर पण त्याच तारेवर पाचच होता, म्हणजे लांबवलेला असावा असा अंदाज, खरं अंदाजावर सोडायला मन होईना. मग शनिवारी तिघांनाही बसवून अर्ध्या स्पीडनं ऐकवलं. मी काही बोललो नाही. तिसऱ्या वेळेला खानापूरचा मुलगा म्हणाला, "सर, टक् नाही आला, तो मागचाच सूर आहे, नुसता धरून ठेवलाय." मग तिघांनी मिळून ती ओळ वाजवली, पाचवर बोट धरून ठेवलं, आणि पुढच्या सुरावर एकदम उतरले.